आधी कोणी?



भावाभावांच्या वाटणीचा तंटा मिटविण्यासाठी आम्ही पुष्कळदा बसलो आहोत. कागद तयार असतो, पंच हजर असतात. अडते ते एकाच ठिकाणी. थोरला म्हणतो, ‘आधी त्याने सही करावी.’ धाकटा म्हणतो, ‘आधी त्याने कुलूप काढावे.’ हाच पेच एका संपूर्ण प्रांतास पडला, तेव्हा तो कसा सुटला, हे आज सांगावयाचे आहे.

उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांच्या रक्तपातात साडेतीन हजारांहून अधिक माणसे बळी पडली. १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, बेलफास्ट येथे शांतता करार झाला. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे बहुतांशी प्रोटेस्टंट, तर अखंड आयर्लंड इच्छिणारे बहुतांशी कॅथोलिक. दोघांनी मिळून राज्य चालवावे, असे ठरले. पहिला मंत्री एका बाजूचा, उपपहिला मंत्री दुसऱ्या बाजूचा. नावे निराळी, अधिकार समान. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते.

डिसेंबर १९९९ मध्ये हे सरकार अधिकारावर आले आणि अवघ्या दहा आठवड्यांत स्थगित झाले. एक बाजू म्हणे, आधी आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रे टाकावीत. दुसरी म्हणे, आधी सरकार नीट चालू द्या. ते पुन्हा सुरू झाले. परंतु ऑक्टोबर २००२ मध्ये असे थांबले की साडेचार वर्षे लंडनचे मंत्रीच कारभार पाहत होते.

सप्टेंबर २००५ मध्ये शस्त्रे निकामी केल्याचे जाहीर झाले. त्या कामी दोन साक्षीदार होते: कॅथोलिक धर्मगुरू फादर अ‍ॅलेक रीड आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक हॅरोल्ड गुड. तरीही इयन पेस्ली यांच्या पक्षाचे समाधान झाले नाही. त्यांस छायाचित्रे हवी होती. पुढे ऑक्टोबर २००६ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे वाट निघाली. शिन फेन पक्षाने पोलीसदलास मान्यता द्यावी, पेस्लींच्या पक्षाने सत्तेत वाटेकरी स्वीकारावा. जानेवारी २००७ मध्ये शिन फेनने आपले पाऊल टाकले. ८ मे रोजी पेस्ली आणि एके काळचे आयरिश रिपब्लिकन आर्मीचे पुढारी मार्टिन मॅकगिनेस यांनी एकत्र शपथ घेतली. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नव्हते. तरी पुढे ते इतक्या वेळा एकत्र हसताना दिसले की वृत्तपत्रांनी त्यांस ‘हसरे भाऊ’ असे नाव दिले!

हा मार्ग निर्वेध मुळीच नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये एका बाजूने राजीनामा दिला, फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बाजूने. एकदा तीन वर्षे आणि एकदा दोन वर्षे सरकार बंद राहिले. भांडण पुढाऱ्यांचे, भोग मात्र सामान्यांचे: जानेवारी २०२४ मध्ये रखडलेल्या पगारवाढीसाठी परिचारिका, शिक्षक आणि बसचालक यांस संपावर जावे लागले. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकार पुन्हा उभे राहिले.

विश्वास बसला म्हणजे पाऊल टाकू, असे म्हणणारा जन्मभर उंबरठ्यावरच उभा राहतो. पेस्ली व मॅकगिनेस यांचा परस्परांवर विश्वास होता म्हणून ते एका कचेरीत बसले नाहीत. एका कचेरीत बसले, म्हणून थोडा विश्वास आला. वाचकहो, आपल्याही घरी एखादा कागद सहीवाचून पडला असेल. ‘आधी कोणी?’ हा प्रश्न तेथे कोणी तरी आपल्यापुरता सोडवावयास हवा.