पहिल्या वर्षाची सोबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा होते, शेकडो लोक जखमी होतात. अशा वेळी टाके घालणाऱ्या डॉक्टरशेजारी नुकतीच पास झालेली नर्स उभी असेल, तर तिच्या एका हातात ड्रेसिंगचा ट्रे असतो आणि दुसऱ्या हातानं तिनं जखमीचं कपाळ घट्ट धरलेलं असतं. त्या हाताचा थरकाप कुणी पाहतं का?

२०२३ साली मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. रुग्णालयाच्या इमारती उभ्या राहतील, पण वॉर्ड चालतो तो नर्सवर. आणि नागपूर हाकेच्या अंतरावर आहे. संत्र्यांचे ट्रक जातात त्याच रस्त्यानं नर्स झालेल्या आपल्या मुलीही नोकरीसाठी तिकडे जातात. त्यांना दोष देऊ नये. नर्सिंगच्या अमेरिकी अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ सालीच लिहून ठेवलंय, की वर्गात शिकलेलं आणि वॉर्डात दिसलेलं यांतली दरी नव्या नर्सला मोडते. पगार हवाच, वेळेवर हवा. पण त्याहून आधी हवी ती शेजारी उभी राहणारी अनुभवी सिस्टर, जिला मध्यरात्री न घाबरता विचारता येईल.

रुग्णालय चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे: पहिले सहा महिने नव्या मुलीला रात्रपाळीत एकटं सोडू नका.