वाळवंट बघायला जाताय की वाळू?

दिवाळी जवळ आली की आमच्या गोतावळ्यात कोणाचा तरी राजस्थानचा बेत ठरतो आणि "जैसलमेरला एकच दिवस आहे, काय बघू?" असा निरोप मला येतो. सोबत सहल कंपनीचं वेळापत्रक. त्यात ठळक अक्षरात "डेझर्ट नॅशनल पार्क" आणि खाली : दुपारी चारला सम, जीपने वाळूच्या टेकड्या, दहा मिनिटं उंट, सूर्यास्त, तंबूत नाचगाणी, जेवण. झालं राष्ट्रीय उद्यान!

मंडळी, स्पष्टच सांगतो, ह्या बेताला माझा विरोध आहे. एक दिवस अपुरा पडतो म्हणून नव्हे. एक दिवस पुष्कळ झाला. पण तो चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी खर्च होतो.

हे उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं. (कायद्याच्या भाषेत ते अभयारण्यच आहे. आत गावं आहेत, गुरं चरतात.) वाळूच्या टेकड्या त्यातल्या निम्म्याहून कमी भागात. बाकी सगळा माळ : खडक, मुरूम, सेवण गवत, मधूनच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे कोण? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी! चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सांडा, गिधाडं हे सगळे ह्या माळावर राहतात. आणि माळढोकही.

माळढोक हे नावच बघा. त्यात वाळू नाही, माळ आहे. हा पक्षी एके काळी आपलाही होता. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. जंगलातले मिळून देशात दोनशेच्या आत उरलेत आणि त्यातले बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यात. मादी हंगामात बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंगाने जड, समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. थरच्या ४२०० चौरस किलोमीटर पट्ट्यात अशा तारांमुळे सर्व जातींचे मिळून वर्षाला ८४,००० पक्षी मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्य तिथे तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

आता कोणी म्हणेल, ह्याचा आमच्या सहलीशी काय संबंध? आहे ना! ह्या तारा ओढताना, पवनचक्क्या उभारताना एकच समजूत कामाला येते, की तिथे काय आहे, नुसतं ओसाड तर आहे. सौरऊर्जा मलाही हवी आहे. पण "ओसाड" हा शिक्का आपणच मारतो. आपण जायचं, फक्त वाळू बघायची, आणि घरी येऊन सांगायचं, "तिथे बाकी काही नाही हो." दाट झाडी असती तर आपणच गळा काढला असता. गवतासाठी कोण रडणार? नान्नजच्या माळाला तरी आपण 'पडीक' शिवाय दुसरं काय म्हणत होतो?

बरं, मुलांना मजा नको का? हवी. उंटावर जरूर बसा, उंटवाल्याचं घर त्यावर चालतं. पण वाळूवर जीप उधळणं आणि रात्री उशिरापर्यंत कर्णे लावणं, ह्यातून वाळवंटाचं काय कळतं? ज्या समला हे चालतं तिथेच २०१९ पासून माळढोकांचं प्रजनन केंद्र आहे!

तर माझा बेत असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आदल्या दिवशी वनखात्याच्या जैसलमेर कार्यालयात परवान्याची चौकशी. पहाटे अंधारात निघून सूर्योदयाला सुदासरीच्या गवताळ भागात. सोबत तिथल्याच गावचा वाटाड्या, दुर्बीण, पाणी. तीन तास, आवाज न करता. दुपारी परतून बाडमेर रस्त्यावरचं आकल : जैसलमेरपासून १७ किलोमीटर. तिथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे पडलेत. जिथे आज सावलीला झाड शोधावं लागतं, तिथे एकेकाळी जंगल होतं! संध्याकाळी हवी तर वाळू. पायी.

"आणि माळढोक दिसलाच नाही तर?" हा प्रश्न येणारच. नाही दिसला तर नाही दिसला. पैसे वसूल करायला तो काही नाचायला बांधील नाही. ज्या माळावर तो अजून आहे तो माळ तर दिसेल. आपल्या मुलांना आपल्या गावाजवळ तेवढंही दाखवता येत नाही.

असो. वेळापत्रक पाठवणाऱ्यांनी आता रागवू नये. विचारलंत म्हणून सांगितलं. :-)