टाकीतल्या भांडणाचा दोष कोणाचा?



"जैनाच्या घरात माशांची टाकी कशाला?" असं मागच्या महिन्यात मंदिरात एकीने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, पण उत्तर देणं माझ्याकडून राहिलंय. ते आज लिहिते.

टाकी आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आली, नातवाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. दोन फूट लांब, साठेक लिटर पाण्याची, आत तीन गोल्डफिश. नको म्हणायची वेळ तीच होती. पण नातवाचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. पुढे मुलाला टाकी रिकामी वाटली, म्हणून त्याने दुकानातून चार टायगर बार्ब आणले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, भारी चपळ.

यंदा दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, पूजा आणि प्रवचन आटोपून घरी आले तर नातू दारातच. "आजी, केशरीची शेपटी खाल्ली!" बघते तर सगळ्यात मोठ्या गोल्डफिशची अर्धी शेपटी फाटलेली, पोटाजवळचे दोन-तीन खवले गेलेले. बिचारी फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून बसली होती आणि बार्ब तिथेही जाऊन टोचत होते.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काकू, ती टाकून द्या, दुसरी देतो." त्याचा राग आला. पण खरी टोचली ती नणंदबाईंची गोष्ट. त्या म्हणाल्या, "वहिनी, तिर्यंच गतीतले जीव. त्यांचं कर्म ते भोगणार. तंदुल मत्स्याचं काय झालं ते माहीत आहे ना?" टोचली, कारण हेच वाक्य मी स्वतः कितीदा बोलले आहे.

तंदुल मत्स्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तांदळाएवढा मासा. मोठ्या माशाच्या तोंडातून सुटणारे जीव बघून त्याच्या मनात येतं, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. आणि नुसत्या त्या भावाने तो सातव्या नरकात जातो. पण ही गोष्ट आपल्याला सांगितली आहे ती आपले भाव तपासायला. माशांचा हिशेब मांडायला नव्हे.

मी कॉमर्सची पदवीधर. खर्च कोणाच्या नावे पडतो ते आधी बघायची सवय. म्हणून चौकशी केली, वाचलं. टायगर बार्ब हा थव्याचा मासा. आठ-दहा एकत्र असले की त्यांची पळापळ, टोचाटोची आपसातच चालते. तीन-चारच असले की ते दुसऱ्यांच्या मागे लागतात, आणि लांब शेपटीचा, सावकाश पोहणारा मासा समोर असला तर त्याचीच शेपटी कुरतडतात. त्यात बार्बला उबदार पाणी लागतं, गोल्डफिशला गार. आणि साठ लिटर पाणी तीन गोल्डफिशनाच अपुरं, तिथे आम्ही सात जीव कोंबले होते. पळायला जागा नाही, लपायला आडोसा नाही. मग बार्बचा स्वभाव वाईट म्हणायचा की आमची मांडणी वाईट?

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मला नेहमी वाटायचं हे बैल-घोडे पाळणाऱ्यांसाठी आहेत, आपला काय संबंध? त्या दिवशी टाकीसमोर उभी राहून एकेक मोजला. काचेत कोंडलं तो बंध. लहान जागेत जास्त जीव घातले ते अतिभारारोपणाच्याच जातीचं. शेपटी बार्बने तोडली खरी, पण त्याला तिच्याजवळ आणून आम्हीच ठेवलं. हा माझा अर्थ आहे, चुकत असेल तर जाणत्यांनी सांगावं. पण "त्यांचं कर्म" म्हणून हात झटकायला मला जागा दिसली नाही.

आता काय केलं ते सांगते, कारण अशा टाक्या आपल्या पुष्कळ घरांत आहेत.

जखमी माशाला लगेच वेगळं काढायचं. जाळीने खवले आणखी निघतात, म्हणून वाडग्यात पाण्यासकट उचललं. वीस लिटरचा टब घेतला, कधीही साबण न लागलेला. टाकीतलंच पाणी त्यात घातलं, हवेचा पंप लावला आणि टब अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवला. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने वीस ग्रॅम खडे मीठ, आधी पाण्यात विरघळवून, दोन वेळेला थोडं थोडं घातलं. रोज एक तृतीयांश पाणी बदललं आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्याचंच मीठ नव्याने घातलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपण पाणी गाळून घेतो, पण गाळल्याने क्लोरीन जात नाही. त्यासाठी दुकानात थेंब मिळतात, ते घालावे लागतात.

जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी समजायची आणि औषध जाणकाराला विचारूनच द्यायचं. आमच्यावर ती वेळ आली नाही. शेपटीच्या मुळाला इजा नसेल तर ती पुन्हा येते. केशरीची दिवाळीपर्यंत आली. कडेला थोडी वाकडी आहे, आणि नवा भाग अजून बिनरंगाचा, पारदर्शक आहे.

पण ती बरी झाली म्हणून तिला पुन्हा त्याच टाकीत सोडणं म्हणजे शुश्रूषेवर पाणी. आधी भांडणाचं कारण काढायला हवं. मुलगा म्हणाला, "आई, बार्ब कृष्णेत सोडू, जीवदान मिळेल." मी नाही म्हटलं. टाकीतला मासा नदीत एक तर मरतो, नाही तर तगून तिथल्या माशांचं अन्न आणि जागा बळकावतो. काच चाटणारा सकर मासा असाच आपल्या नद्या-तळ्यांत पसरला आहे. पुण्य म्हणून सोडायचं आणि हजारो जीवांवर संकट आणायचं, याला जीवदान कसं म्हणू? शेवटी मिरजेत मुलाच्या मित्राकडे मोठी टाकी होती, बार्बचाच थवा होता. चौघांना तिथे पोचवलं. आता ते आपसातच पळतात म्हणे.

अन्नाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. तयार दाण्यांत बहुतेक वेळा माशाचीच भुकटी असते. डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका. गोल्डफिश मिश्राहारी, म्हणून आम्ही स्पिरुलिनाचे दाणे, उकडून साल काढलेला मटार आणि पालक देतो. पण ज्या माशाचं शरीरच मांसावर चालतं, त्याला आपल्या नियमासाठी अर्धपोटी ठेवणं हाही अन्नपाननिरोधच. असा मासा घरात आणूच नये.

तर मंदिरातल्या त्या बहिणीला माझं उत्तर असं: टाकी घरात यायला नको होती. पण आलेल्या जीवाला "नको होतं" म्हणून वाऱ्यावर सोडता येत नाही. आमच्याकडे आता तीन गोल्डफिश आहेत. त्यांना जागा कमी पडते, म्हणून मोठ्या टाकीसाठी या वर्षीच्या माझ्या साडीचे पैसे बाजूला ठेवलेत. नवा मासा आणायचा नाही, हा नियम मी मंदिरात घेतला आहे. गोल्डफिश नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं जगते. मी आता चौसष्टची, म्हणजे हा हिशेब कदाचित सुनेच्या हाती जाईल. तिला तसं सांगून ठेवलंय.

तुम्हाला मात्र एकच विनंती. वाढदिवसाला कोणाच्या मुलाला जिवंत भेट देऊ नका. आणि कोणी तुमच्याकडे आणली तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.

जय जिनेंद्र.