शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार कशाला?

शेतकरी बंधूंनो, दर्यावर्दी मित्रांनो, तुमच्या नावाने निघालेली एखादी नोटीस किंवा तुमच्या मेळाव्याचा फलक जरा नीट वाचून पाहा. 'शेतकऱ्यांसाठी' असे हवे तेथे पुष्कळदा 'शेतकर्यांसाठी' छापलेले आढळेल. 'किनाऱ्यावर'चे 'किनार्यावर' आणि 'वाऱ्याने'चे 'वार्याने' झालेले आढळेल. ज्यांच्या नावाने योजना काढायच्या, त्यांचे नावही धड लिहायचे नाही, हा कुठला न्याय?

"एवढ्याशा रेघेचे काय घेऊन बसलात, मास्तर?" असे विचारणारे भेटतातच. त्यांच्यासाठी मुळापासून सांगतो.

आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' बसलेला असतो. 'क' लिहिला की 'क्' आणि 'अ' दोन्ही आले. तो 'अ' काढायचा तर अक्षराचा पाय मोडायचा, नाहीतर अक्षर अर्धे करून पुढच्याला जोडायचे. हे काम प्रत्येक लिपी आपल्या रीतीने करते. तमिळमध्ये अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात. कानडीत जोडायचे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली लिहितात. 'अ' राहिला की गेला, यावर अर्थ ठरतो. ताटात वाढतात ते वरण, पाटीवर गिरवतात तो वर्ण!

आता 'र' घ्या. पोटातला 'अ' गेल्यावर हा 'र' पुढच्या अक्षराच्या आधी उच्चारायचा, तर मराठीत त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रफाराची: सूर्य, कर्ज, दर्या. येथे 'र्'चा भार मागच्या अक्षरावर पडतो. दुसरी आडव्या अर्ध्या 'र'ची. येथे मागच्या अक्षरावर भार पडत नाही, 'र' हलकेच पुढच्या अक्षरात सरकतो. दरी, पण अनेक दऱ्या. वारा, पण वाऱ्याने. शेतकरी, पण शेतकऱ्याने. 'ह'च्या आधीही तोच: कुऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हाड. हिंदीला ही खूण लागत नाही. मराठीचे मात्र तिच्यावाचून पानोपानी अडते.

आणि अडते म्हणजे कसे? दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रांपणकार जाळे दर्यात टाकतो, दऱ्यांत नव्हे! जत्रेच्या महाप्रसादाला आचाऱ्यांना बोलवायचे आणि पत्रात 'आचार्यांना' लिहून गेले, तर विद्वान मंडळी प्रवचनाला येतील आणि चूल थंडच राहील.

"संदर्भाने कळते की" असे कोणी म्हणेल. ज्याला भाषा आधीच येते त्याला कळते, खरे. पण तुमचा मुलगा वाचायला शिकतो तो नुसत्या पुस्तकावर नव्हे. बसथांब्यावरची पाटी, पंचायतीचा फलक, दुकानाची जाहिरात हीसुद्धा त्याची पुस्तकेच. तेथे पाहिलेले 'शेतकर्यांचे' तो निबंधात उतरवतो आणि गुण त्याचे जातात. फलक रंगवणाऱ्याचे गुण कोण कापणार?

शेवटची सबब यंत्राची. "संगणकात ते अक्षर नाही हो!" ही सबब साफ खोटी आहे. जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोड नावाचा अक्षरसंच केला, त्यात खाली टिंब असलेला 'ऱ' 1991 सालापासून आहे. तो 'ऱ' उमटवायचा, मग पाय मोडायची कळ दाबायची, मग 'य'. झाला 'ऱ्य'! हातातल्या मोबाइलवरही हे करता येते. यंत्र तयार आहे. तयार नाही ते माणसाचे बोट. आणि समजा, यंत्रात नसते, तरी यंत्राने भाषेप्रमाणे वागायचे की भाषेने यंत्रापुढे वाकायचे?

तेव्हा मंडळी, सोसायटीची नोटीस असो की देवळाच्या उत्सवाची पत्रिका, मजकूर छापायला देताना बजावून सांगा आणि छापण्याआधी कच्चा कागद मागून घ्या. 'शेतकर्यांना' दिसले की लाल रेघ मारून परत पाठवा. पैसे आपण पूर्ण अक्षरांचे मोजतो, मग आपली अर्धी अक्षरे का सोडायची? बांधावरची वीतभर जमीन कोणी सरकवली तर तुम्ही गप्प बसत नाही. आपल्या नावातली ही रेघसुद्धा तशीच राखली पाहिजे.