माळवद उतरवलं, बिरादरी कधी उतरवणार?

१० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. पाथरीच्या आमच्या जुन्या घरात माळवदाची माती गळाली आणि बैठकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. घर दुरुस्त करणं भाग होतं. त्या दुरुस्तीत माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं, लग्न जमलं आणि माझं पितळ उघडं पडलं. हा लेख त्या पितळाबद्दल आहे. आपाची परवानगी घेऊन लिहितोय. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

मी पुण्यात नोकरी करतो. अब्बांना अर्धांगवायू झाल्यापासून घराचा सगळा भार आपावर. ती एका खासगी शाळेत शिकवते. दुरुस्तीचं कामही तिनेच अंगावर घेतलं. गावातल्या दोघा-तिघांनी सांगितलं, पाडा आणि नवा स्लॅब टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जण आला. त्याने सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, वडील गवंडी, आजोबा पिंजारी. शिडी लावून तो वर चढला, पहारीने माती उकरून पाहिली आणि म्हणाला, पाडू नका.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. माळवदाला खाली लाकडी तुळया असतात, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांवर पांढरी माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकतात. जुनी कुणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत तो थर हात-दीड हात होतो आणि तो सगळा बोजा तुळयांवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली, ती अशाच जड छतांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. या भिंती दोन पदरी असतात. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधे भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर धक्क्याने पदर सुटतात आणि भिंत पोट फुगून ढासळते. त्याने आपाला हेच समजावलं. वरची माती उतरवायची, किडलेल्या तुळया बदलायच्या, वर हलकं छत घालायचं आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवायचे. सिमेंट कमी, मजुरी जास्त. वेळ लागेल, पण अडीच फुटी भिंतींचा मे महिन्यातला गारवा राहील.

काम पाच महिने चाललं. आपा शाळेतून आली की वहीत हिशेब मांडायची: वाळूच्या खेपा, सिमेंटच्या गोण्या, मजुरांची हजेरी. दोघांचे वादही व्हायचे. एकदा त्याने भिंतीतला ताक बुजवायला काढला, कारण तिथेच भिंत कमजोर होती. आपा म्हणाली, दादीचा दिवा तिथे असायचा, ताक राहील. त्याने दोन दिवस घेतले आणि ताकाच्या वर लाकडी पट्टी घालून भिंत सावरली. अम्मी सांगते, आधी तो आपाला ‘बाजी’ म्हणायचा. मग ‘मॅडम’ म्हणू लागला. छत पूर्ण होईपर्यंत काहीच म्हणेनासा झाला. अम्मीला तेव्हाच कळलं होतं.

मला फोनवर कळलं. आपानेच सांगितलं. मी पहिला प्रश्न विचारला तो असा नव्हता की माणूस कसा आहे, तुला सुखात ठेवेल का. मी विचारलं, “बिरादरी कोणती?” तिने सांगितलं. मी म्हणालो, “आपा, काही जोड तरी आहे का?” आम्ही सय्यद, तो पिंजारी. ती एम.ए., बी.एड., तो डिप्लोमा. ती एकतीस वर्षांची, तो अठ्ठावीसचा. मी तिला काम थांबवून दुसरा माणूस बघायला सांगितलं. ती म्हणाली, “काम अर्ध्यावर सोडलं तर छत पडेल.” आणि फोन ठेवला. त्यानंतर सात महिने मी तिच्याशी बोललो नाही.

आता माझं पितळ. त्याच वर्षी मी पुण्यात तरुणांच्या एका शिबिरात बोललो होतो. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिम समाजातल्या अशराफ, अजलाफ, अरझल या उतरंडीची दखल कशी घेतली, हे मी सांगितलं. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी उभी केलेली मुस्लिम ओबीसी चळवळ आणि तिच्यामुळे महाराष्ट्रात किती कारागीर बिरादऱ्यांना सवलतींचा रस्ता मोकळा झाला, यावर टाळ्याही घेतल्या. म्हणजे व्यासपीठावर मी मान्य करतो की आपल्यात जात आहे. हिंदू मित्रांबरोबर चहाला बसलो की मी म्हणतो, इस्लाममध्ये जात नाही. आणि घरी बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला की विचारतो, बिरादरी कोणती? तीन ठिकाणी तीन तोंडं. मी एकटाच असा आहे असं मला वाटत नाही. वाचणाऱ्यांनी आपापल्या घरातला शेवटचा रिश्ता आठवून पाहावा.

माझ्या बाजूने बडे अब्बांनी ‘कुफू’चा हवाला दिला. निकाहात दोघं बरोबरीची असावीत, हे तत्त्व फिकहमध्ये आहे, खरं आहे. हनफी फकिहांनी त्यात वंश आणि धंदाही मोजला, हेही खरं. पण इमाम मालिक यांनी मुख्यतः दीनदारीचीच बरोबरी धरली, हे आपल्याला कुणी सांगत नाही. सूरह हुजुरातमध्ये कुळं आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि मोठेपण तकव्यावर आहे, असा सरळ आशय आहे. फातिमा बिन्त कैस या कुरैश घराण्यातल्या. त्यांना मागणी आली तेव्हा पैगंबरांनी सल्ला दिला तो उसामा बिन झैद यांच्याशी निकाह करण्याचा. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. फातिमांना आधी ते रुचलं नव्हतं. पुढे आपण किती सुखी झालो हे त्यांनी स्वतःच सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. आणि हजरत खदीजा? माल त्यांचा, व्यापार त्यांचा. तो माल शामला नेण्यासाठी त्यांनी एका प्रामाणिक तरुणाला नेमलं, त्याचा व्यवहार पाहिला आणि निकाहाची मागणी स्वतःच्या बाजूने घातली. काम देणारी बाई, काम करणारा पुरुष आणि मधे व्यवहारातली सचोटी. आमच्या घराच्या दुरुस्तीत याहून वेगळं काय घडलं होतं?

राहिला शजरा, म्हणजे वंशावळ. आमच्या पाथरीकरांनी तरी वंशाचा ताठा मिरवू नये. अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये उभी करणाऱ्या मलिक अहमदचे वडील मलिक हसन हे मुळात ब्राह्मण घराण्यातले होते. त्या घराण्याकडे पाथरीचं वंशपरंपरागत कुलकर्णीपद होतं, असं इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. या जुन्या नात्यामुळेच निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, ती मिळेना म्हणून लढाई झाली. ज्या गावाचा इतिहासच असा मिसळलेला, तिथे कुणाच्या पेटीतला कागद किती शुद्ध, याची शपथ कोण घेणार? दरवर्षी फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला आम्ही जातो. तिथे शेजारी बसलेल्याला बिरादरी विचारून कुणी घास घेत नाही.

त्या घरातही सगळं गोड नव्हतं, हे सांगायला हवं. त्याच्या आईने आपाला तोंडावर विचारलं, “बाई, तू आमच्या दोन खोल्यांत राहशील का? उद्या माझ्या पोराला गवंड्याचा मुलगा म्हणून हिणवशील तर?” तिची भीती आमच्या अहंकारापेक्षा कितीतरी रास्त होती. आपाने तिला गोड शब्द दिले नाहीत. हिशेबाची वही दाखवली. पाच महिन्यांत एकाही मजुराची मजुरी थकली नव्हती. म्हणाली, “मी अशी आहे.”

आमच्या घरचा अहंकार नेमका कशावर उभा होता, हे कळलं ते बडे अब्बांच्या पुढच्या बोलण्याने. सगळ्यांचा विरोध बोथट होत चालला तेव्हा ते म्हणाले, “करू दे तिला लग्न. पण आधी घरावरचं हक्कसोडपत्र लिहून घ्या.” म्हणजे बिरादरीचा प्रश्न एका सहीत मिटत होता. ज्या घराच्या भिंती तिने सावरल्या, त्या घरातला वाटा तिने सोडायचा आणि मग कुणाशीही निकाह करायचा. हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं. एका भावाचा वाटा वाढतो तेव्हा जसं वाटतं, तसं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय लेख खरा होणार नाही.

त्या रात्री मी एका वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, मुस्लिम कायद्यात बाप हयात असताना मुलीचा वाटा अजून निर्माणच झालेला नसतो. जे नाही ते सोडणार कसं? नुसत्या अशा कागदाने तिचा हक्क संपत नाही. मात्र त्या बदल्यात मोबदला घेतला असेल तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. आपल्या गावागावांत मात्र लग्नाच्या गडबडीत मुलींकडून अशा सह्या घेतल्या जातात आणि वर शरियतचं नावही घेतलं जातं. कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिलाय. १९३७ च्या शरियत कायद्याचा एक हेतूच हा होता की रूढीच्या नावाखाली मुलींना वारशातून वगळलं जाऊ नये. मुलीला मुलाच्या निम्मं मिळतं, यावर आपल्यात वाद व्हायला हवा आणि तो होतोय. पण ते निम्मंही न देणाऱ्यांनी धर्मरक्षणाच्या गोष्टी करू नयेत.

मी दुसऱ्या दिवशी पाथरीची गाडी धरली. घरात शिरलो तर ताक जिथल्या तिथे होता. अब्बांना नीट बोलता येत नाही. त्यांनी डाव्या हाताने छताकडे बोट केलं आणि मग आपाकडे. दादी मात्र स्पष्ट बोलली. “तुझ्या बापाच्या लग्नाच्या गाद्या याच पोराच्या आजाने पिंजल्या. त्याच्या कापसावर झोपताना तुमची सय्यदगिरी कुठे गेली होती?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

निकाह झाला. मी गवाह म्हणून सही केली. बडे अब्बा आले नाहीत, अजूनही येत नाहीत. हक्कसोडपत्र झालं नाही.

तरुण वाचकांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण प्रेमाला नुसती टाळी पुरत नाही. बेजोड म्हटल्या जाणाऱ्या लग्नाकडे गावाचं बारीक लक्ष असतं, म्हणून कागद पक्के हवेत. मेहर नावापुरती नको, खरी ठरवा. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. आपाने नोकरी चालू राहील आणि दुसरा निकाह होणार नाही, या दोन अटी लिहून घेतल्या. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंदणी होते, ती टाळू नका. दोघं मुस्लिम असली तरी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न किंवा नोंदणी करता येते. त्यात तोंडी तलाक चालत नाही, दुसरं लग्न चालत नाही आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, ज्यात मुलगा-मुलगी सारखे. केरळमधले वकील सी. शुक्कूर यांनी आपल्या तिन्ही मुलींसाठी ८ मार्च २०२३ ला पत्नीशी याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते, हे लक्षात ठेवून तयारी करा. घरून धोका असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्षाचे आदेश दिलेत. पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा.

हे काही नवं नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठीत लिहिणारे. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दूत वाढलेल्या. दोघांनी १९५६ मध्ये आधी निकाह केला आणि काही आठवड्यांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. पुढे ते चळवळीत राहिले आणि घर मेहरुन्निसांच्या नोकरीने चाललं. ‘मी भरून पावले आहे’ या त्यांच्या आत्मकथनात तो संसार वाचायला मिळतो. जोड कशाने होते, हे समजून घ्यायला आपल्या मुलामुलींनी ते पुस्तक वाचावं.

पुढच्या पावसाळ्यात आमचं छत गळलं नाही. वर दरवर्षी माती टाकायची पद्धत आम्ही बंद केली. बिरादरीचंही तसंच आहे. प्रत्येक पिढी जुना थर न काढता वर एक नवा टाकत जाते आणि बोजा खालच्यांच्या डोक्यावर वाढत राहतो. तेव्हा पुढच्या वेळी घरात रिश्त्याची गोष्ट निघेल आणि कुणी विचारेल, बिरादरी कोणती, तेव्हा उत्तर देण्याआधी एवढंच म्हणा: आधी माणूस कसा आहे ते विचारा. मी म्हणालो नव्हतो. त्या सात महिन्यांची भरपाई अजून करतोय.