एका दुपारचा हंगाम

‘हंगाम’ म्हणजे काय, हे आमच्या झाडीपट्टीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मोहाचा हंगाम असतो, तेंदूपानांचा असतो, धानाचा असतो. भाऊबीज आटोपली, मंडया भरू लागल्या, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. हंगाम नाही तो एकट्या आमच्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांना. त्यांच्या वाट्याला येते ती एक दुपार.

कशी ते पाहा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा रूढ साचा बाद पद्धतीचा. हरला तो घरी गेला. १६ संघ उतरले, तर १५ सामन्यांत विजेता ठरतो खरा. पण ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर गाशा गुंडाळतात. निम्म्या पोरांचे वर्ष दीड तासात संपते! २०११ साली नागपूरपासून वेगळे होऊन गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, ते याच दोन जिल्ह्यांच्या पोरांना सारे काही जवळ यावे म्हणून. पण दोन जिल्हे म्हणजे केवढा मुलूख! स्पर्धा गडचिरोलीला असेल, तर सिरोंच्याचा पोरगा प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरून निघून २०० किलोमीटरांच्या आसपास एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेणार, परक्या मैदानावर एक गोल खाणार आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर बसणार. तो संघ पुन्हा जमायचा पुढल्या वर्षी. तोवर कोणी पदवी घेऊन गेलेला असतो, कोणी पोलीसभरतीसाठी पहाटे सडकेवर धावत असतो.

मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी मी चढलो नाही. पण शाळामास्तर म्हणून एवढे मला कळते, की पहिले गणित चुकले म्हणून पोराला वर्गाबाहेर काढले आणि वर्षभर त्याच्या हाती पाटी दिली नाही, तर तो गणित कधीच शिकणार नाही. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच आपण सर्वांत आधी घरी धाडतो. याला क्रीडाशिक्षण म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल, साखळी सामने आपल्याला परवडत नाहीत. हिशेब मांडू या. १६ संघांचे चार गट करा. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळला, की २४ सामने झाले. वर उपांत्य दोन आणि अंतिम एक. एकूण २७. म्हणजे १२ सामने अधिक! तेवढ्यात प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात. आणि गट शेजाराने पाडले, तर प्रवासही घटतो. वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी हा एक गट. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा दुसरा. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वरोरा हा तिसरा. गडचिरोली, चामोर्शी, मूल, सिंदेवाही हा चौथा. भामरागडला पर्लकोटेचा पूर वेढतो हे मान्य; पण तो पावसाळ्यात. सामने पावसाळ्यानंतर, धानकापणीची गडबड सरल्यावर ठेवायला कोणी हात धरला आहे?

ही काही माझी नवलाची कल्पना नव्हे. इंग्लंडात चषकाचे सामने १८७१ पासून होत होते. पण हरलेल्या संघाला पुढे खेळच उरेना. तेव्हा १८८८ साली १२ क्लबांनी मिळून साखळी उभारली आणि प्रत्येकाला २२ सामन्यांची हमी मिळाली. दहा वर्षांनी कलकत्त्याने आपली साखळी सुरू केली. तेथे फुटबॉल घराघरांत गेला, याला ही दर आठवड्याची भेट मोठे कारण आहे.

दुसरा युक्तिवाद जंगलाचा आणि रस्त्यांचा. तो ऐकला की मला हसू येते. वडशाच्या नाट्यमंडळ्या पडदे, दिवे, पेट्या, नट-नट्या घेऊन याच रस्त्यांनी गावोगाव जातात, रात्रभर प्रयोग करतात आणि उद्याच्या गावाला लागतात. गावकरी तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटकाचा अख्खा संसार जेथे पोहोचतो, तेथे अकरा पोरे, चार राखीव आणि एक चेंडू पोहोचत नाही?

राहिला प्रश्न कुवतीचा. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. त्यांना महिनोन् महिने प्रशिक्षण मिळाले होते. एका दुपारी डोंगर दाखवून, घसरलास तर घरी जा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा मागणी साधी आहे. येत्या वर्षी निदान एका गटात तरी साखळी खेळवा, मुलांचीही आणि मुलींचीही. चुना, शिट्टी, पंच आणि परतीचे भाडे एवढीच सामग्री लागते. हरलेल्या संघाला पुढल्या रविवारी पुन्हा मैदानात उतरू द्या. आणि ज्यांना हे वेळापत्रक अशक्य वाटते, त्यांनी समितीची एक बैठक वडशाला एखाद्या नाट्यमंडळीच्या कचेरीत भरवावी. तारखा कशा लावायच्या, हे तेथे त्यांना कोणीही समजावून देईल.