दस्तरखान कोण धुणार?

गेल्या आठवड्यात केंदूरला एका घरी इफ्तारला गेलो होतो. अजानला दहा मिनिटे उरली असताना घरातल्या मुलाने प्लास्टिकचा रोल आणला, लांब ओढला, कात्रीने कापला आणि ओसरीवर अंथरला. त्यावर गुलाबाची फुले, कडेला चाँद-तारा. खजूर, कलिंगड, भजी मांडली गेली. मगरिबची नमाज पढून परत येतो तो दस्तरखान बिया-सालींसकट गुंडाळून उकिरड्याकडे रवानाही झाला होता. दारावर प्लास्टिकच्या झेंडूचे तोरण होते. ओसरीवरून दिसणाऱ्या वावरात खरा झेंडू फुलला होता, पाडव्याच्या बाजारासाठी राखलेला.

यंदा १९ मार्चला गुढीपाडवा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत ईद. गेल्या वर्षीही ३० मार्चला पाडवा झाला आणि ३१ला ईद. दोन्ही घरांची खरेदी एकाच बाजारात, एकाच दुकानात होते. तेच प्लास्टिकचे तोरण पाडव्याला ‘शुभ’ असते आणि ईदला ‘मुबारक’. पाटी तेवढी बदलते.

या तोरणाचा प्रश्न विधानसभेपर्यंत गेला आहे. जुलै २०२५ मध्ये फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याचे सभागृहात सांगितले. फूल उत्पादकांची याचिका त्याआधीच मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने मार्च २०१८ मध्येच बंदी घातली. त्या वर्षी गणपतीपुरती सूट मागणाऱ्या मखर कलाकारांना न्यायालयाने ती दिली नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली. तिच्या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे, फुग्यांच्या काड्या आहेत, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ आवरणही आहे. प्लास्टिकची फुले मात्र त्या यादीत नव्हती.

व्यापाऱ्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. खरे फूल दोन दिवसांत सुकते, हे पुन्हा पुन्हा वापरता येते, मग पर्यावरणाचे नुकसान कुठे झाले? पण दारावरचे तोरण एका उन्हाळ्यात विटते, धूळ धरते आणि पुढच्या सणाला नवे येते. पाकळी एका जातीची, देठ दुसऱ्या, आत तार, वर रंग. भंगारवालाही ते घेत नाही. वस्तू टिकणे वेगळे आणि वापरात टिकणे वेगळे. खरा झेंडू सुकला तर शेणखतात जातो, आणि त्याच्या पैशातून वावरातल्या ठिबकचा हप्ता फिटतो. यवतपासून शिरूरपर्यंत अनेक घरांचा सण या फुलाच्या भावावर ठरतो. शेतकऱ्यानेच दारात नकली झेंडू लावावा याचे मला हसू आले नाही, वाईट वाटले.

पुन्हा वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही. गुढीची काठी, कलश आणि साडी घरातलीच; साखरेची गाठी तेवढी नवी, तीही खाऊन संपते. गौरीचे पितळी मुखवटे सासूकडून सुनेकडे येतात. गावोगावचे मोहरमचे पंजे वर्षभर पेटीत असतात, त्या दिवसांत घासूनपुसून निघतात आणि सगळ्या जातींचे लोक त्यांच्यापुढे येतात.

सूरह आराफमध्ये इबादतीच्या वेळी नीटनेटके, शोभून दिसण्याची आज्ञा आणि इसराफ म्हणजे उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे. सजावटच नको म्हणणाऱ्या आपल्या काही वडीलधाऱ्यांनी आयतीचा पहिला भाग वाचावा आणि मशिदीच्या गल्लीत दरवर्षी नवी रोषणाई टांगणाऱ्या तरुणांनी दुसरा. त्या चिनी माळेतला एक भाग गेला की दुरुस्तीच्या भानगडीत कोणी पडत नाही, अख्खी माळ फेकली जाते.

इथपर्यंत मी ओसरीवर बसून तावातावाने बोललो. कापडी दस्तरखान का काढला नाही, असेही विचारले. चाची शांतपणे म्हणाल्या, “सर, आहे ना पेटीत. पण तीस दिवस धुवायला पाणी कुठनं आणू? आन् धुणार कोण?”

मी गप्प झालो. केंदूर-पाबळचा हा पट्टा अवर्षणाचा. उन्हाळा लागला की हंडे मोजून पाणी वापरावे लागते आणि रमजान सध्या नेमका त्याच तोंडावर येतो. प्लास्टिक स्वस्त आहे म्हणूनच विकले जाते असे नाही. रोजा धरून, स्वयंपाक करून थकलेल्या बाईचे एक काम ते वाचवते. आपली पर्यावरणाची भाषणे बहुतेक वेळा हे काम गुपचूप तिच्याच माथी परत टाकतात. पूर्वी दस्तरखान रोज धुतला जात नसे हेही खरे. गडद रंगाचे जाड कापड असे, जेवण झाले की कोंबड्यांपुढे झटकायचे, ओल्या फडक्याने डाग पुसायचे आणि जुम्म्याच्या आदल्या दिवशी कपड्यांबरोबर धुवायचे. बिया-सालींसाठी मधे एक परात ठेवली तर डागही कमी पडतात. एवढे काम चौदा वर्षांच्या मुलाला जमते, चाळिशीच्या प्राध्यापकालाही जमायला हवे. माझ्या घरी ते मी कालपर्यंत केलेले नव्हते.

निघताना चाचींनी पेटी उघडून तो दस्तरखान दाखवला. मरून रंग, कडेला त्यांच्या सासूने घातलेला टाका, एका कोपऱ्याला जुन्या शेरखुर्म्याचा डाग. “ईदला हाच अंथरीन,” त्या म्हणाल्या आणि मुलाकडे बघून हसल्या, “धुवायचं याच्याकडं.”